कुंड्या मोजून परत

अकराशे चाळीस.
प्रत्येकीच्या पोटावर चुन्यानं आकडा मीच लिहिला.
चिंचभवनच्या पुलापासून जामठ्याच्या फाट्यापर्यंत
झेंडू, पिटुनिया, झेंडू, पिटुनिया,
अन् जिथं कमी पडल्या तिथं
नर्सरीतलं ते बिनफुलाचं क्रोटन.
ठेकेदार भोयर म्हणे, पाहुण्यायची गाडी ऐंशीनं जाते बाई,
ऐंशीच्या स्पीडले सगळंच फूल दिसते.

तीन रात्री डिव्हायडरवर काढल्या,
मी, शेवंता अन् तिचा मुका भाचा.
माघाची थंडी. डांबराच्या धगीजवळ सरकून बसलो.
आमच्यासमोर रस्ता काळाभोर होत गेला.
सात वर्षं माह्या नवऱ्याची सायकल
ज्या खड्ड्यात आदळते,
तो खड्डा बुजायले अर्धा तास लागला.
मी घड्याळ पाह्यलं होतं.

मंग ते हिरवं कापड घेऊन आले.
आमच्या वस्तीपुढं बांबू ठोकले, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
मी म्हटलं, काऊन?
गळ्यात कार्ड घातलेला पोरगा होता, विशीतला, लाजला.
म्हणे, काकू, धूळ उडते.
धूळ आमच्याकडून तिकडं उडते
हे मले आजवर माहीत नव्हतं.

भांडली मी. पार घसा बसेपर्यंत भांडली.
अन् सकाळी दार उघडलं तं
आंगण हिरवं.
ड्रम हिरवा, बकरी हिरवी,
आम्रपालीच्या शाळेचा पांढरा शर्टबी हिरवा.
पोरगी हात पसरून गोल फिरली,
म्हणे, आई, आपण तलावाच्या आत राहून राह्यलो!
आता या रागाचं काय करावं
ते मले कोणी सांगतलं नाई.

मॅचच्या दिवशी शहरात काम निघालं.
येताना मेट्रोत पाय ठेवायले जागा नव्हती,
सगळा डबा निळा, गालावर झेंडे,
भोंग्यायनं कान बधिर.
एका पोरानं उठून मले जागा देली.
म्हणे, काकू, तुम्हीबी मॅचले?
हो, म्हटलं.
काऊन म्हटलं, कोणाले मालूम.
खापरीले उतरून
ते नाचत बसकडं गेले,
मी पायी निघाली, आपल्याच फुलांच्या कडेनं.

रात्री सगळी वस्ती ढाकण्याच्या दुकानापुढं, टीव्हीपाशी.
आमच्याकडं मजा अशी,
का मैदानातला कल्ला पहिले येते कापडावरून,
टीव्हीतला बॉल मागून पडते.
आवाज ऐकून बुढे लोक सांगायचे, चौका. नाई, छक्का.
मंग टीव्हीत तसंच व्हायचं.
असं वाटे,
का आम्हीच ठरवून राह्यलो.

मधातच त्यायनं वरून नागपूर दाखवलं.
इतके दिवे! मले तं वळखूच आलं नाई.
मंग वर्धा रोड, अन् त्याच्या मधोमध
पिवळी रेघ.
माह्ये झेंडू! मी वरडली.
लोकायनं माह्यासाठी टाळ्या वाजवल्या, आईशप्पत,
शेवंताच्या भाच्यानं तं शिट्टी मारली.
रेघेच्या बाजूले एक काळा तुकडा होता.
तोबी सगळ्यायनं पाह्यला.
त्याच्याबद्दल कोणी बोललं नाई,
तेवढ्यात विकेट पडली.

जिंकलो.
फटाके बाराच्या मागून बंद झाले.

सकाळी सहाले भोयरचा टेम्पो.
कुंड्या मोजून परत घ्यायच्या होत्या.
कापड न्यायले कोणीच आलं नाई.
बाया मनातल्या मनात त्याचे तुकडे पाडून राह्यल्या:
एवढा कूलरवर, एवढा दारापुढं,
मे महिना काय कोणाचा पाहुणा आहे?

भोयरनं दोनदा मोजलं.
अकराशे सदतीस.
तीन कमी म्हणे, तुह्या मजुरीतून कापतो.
काप, म्हटलं.
दोन कुठं गेल्या, मले खरंच मालूम नाई.